पिंड शरीराचा, पिंड भाताचा

रक्तगट तपासण्याची जुनी रीत अजूनही चालू आहे. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घ्यायचे. पहिल्यात निळा द्रव सोडायचा, दुसऱ्यात पिवळा, तिसऱ्यात बिनरंगी. काडीने कालवून पट्टी हलक्या हाताने झुलवायची. दोन मिनिटांत उत्तर मिळते. एखाद्या थेंबात रवा पडल्यासारखे कण दिसू लागतात, एखादा थेंब तसाच गुळगुळीत लाल राहतो. निळ्यात कण आले तर ए, पिवळ्यात आले तर बी, दोन्हींत आले तर एबी, एकातही आले नाहीत तर ओ. तिसरा थेंब आरएच पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगतो. कोणाचे रक्त कोणाला चालेल हे कळावे म्हणून ही खटपट. पण त्याच काचपट्टीला माणसाने पुढे भलताच प्रश्न विचारला: हे मूल कोणाचे?

या 'कोणाचे'मध्येच सगळा घोटाळा आहे. ही षष्ठी विभक्ती आपल्याकडे फार कामे करते. झाडाचे फळ, आईचे पोर, गावचा पाटील, मालकाचा बैल, सगळ्यांना एकच प्रत्यय. 'मूल कोणाचे' असे विचारताना आपण एका श्वासात दोन प्रश्न विचारतो. ते कोणापासून झाले, हा एक. आणि त्याला कोणी आपले म्हणायचे, हा दुसरा. पहिला प्रश्न खरे तर पंचमीचा, उगमाचा. दुसरा संबंधाचा. रक्तगट आणि जनुके पंचमीचे उत्तर देतात, आणि आपण ते षष्ठीच्या रकान्यात लिहून मोकळे होतो. ही गल्लत नव्या विज्ञानाने आणलेली नाही, आणि ती सोडवायची साधने आपल्या जुन्या विचारात पडून आहेत, एवढेच इथे मांडायचे आहे.

आधी पुराव्याची ताकद नीट पाहू. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०१ मध्ये रक्तगटांची विभागणी मांडली. हे गट मेंडेलच्या नियमाने आईबापांकडून मुलांत उतरतात हे १९१० मध्ये फॉन डुंगेर्न आणि हिर्शफेल्ड यांनी हायडेलबर्गला दाखवले, आणि १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने उतरण्याची नेमकी रीत बसवली. त्यानंतर कोष्टक सोपे झाले. आईबाप दोघे ओ, तर मूल ओच. एक एबी आणि दुसरा ओ, तर मूल ए किंवा बी, पण ओही नाही आणि एबीही नाही. मात्र या कोष्टकाचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो: ते नकार देते, होकार देत नाही. आई ओ आणि मूल बी असेल, तर बाप ए किंवा ओ गटाचा नाही एवढे ते सांगेल. पण बी गटाचा कुठलाही पुरुष त्यात बसतो, आणि आपल्या देशात बी गटाची माणसे गल्लोगल्ली आहेत. ज्याच्यावर पितृत्वाचा खोटा आळ आला आहे अशा माणसाची केवळ या चाचणीने सुटका होण्याचा संभव पाचात एकाच्या आसपास. बाकीचे निर्दोष असूनही 'शक्य आहे' या यादीत लटकत राहतात.

आणि नकारसुद्धा दर वेळी पक्का नसतो, याचा सर्वात मोठा दाखला मुंबईचाच आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तप्रकाराची नोंद केली. त्याला जगभर आज 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. ए आणि बी ही द्रव्ये तांबड्या पेशीवर थेट बसत नाहीत. आधी एच नावाचे एक द्रव्य लागते आणि त्याच्यावर ती बांधली जातात. भिंतच नसेल तर खुंटी कुठे ठोकणार? ज्यांच्यात हे एचच तयार होत नाही त्यांच्याकडे ए किंवा बीचे जनुक असले तरी ते दिसत नाही, आणि साध्या चाचणीत अशी व्यक्ती ओ ठरते. तिचे मूल मात्र जोडीदाराकडून एच मिळवून खुशाल बी गटाचे निघू शकते. म्हणजे कागदावर आईबाप दोघेही ओ आणि मूल बी. कोष्टकावर आंधळा विश्वास ठेवणारा माणूस अशा घरात काय अनर्थ करेल याची कल्पना करून पाहावी. बॉम्बे गटाच्या माणसाला रक्त लागले तर ते फक्त त्याच गटाचे चालते. भावंडांपैकी एखाद्याचे जुळले तर जुळते. आईबापांचे बहुधा जुळत नाही. मग रक्तपेढीच्या यादीतला कुठला तरी दूरच्या गावचा अनोळखी दाता शोधावा लागतो. 'रक्ताचे नाते' हा शब्दप्रयोग अक्षरशः घ्यायचा ठरवला, तर या रुग्णाचा सख्खा तो दाताच.

यावर कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. आता डीएनए आहे. अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लेस्टरला डीएनएचे ठसे शोधले आणि हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये लालजी सिंह यांनी ते तंत्र भारतात उभे केले. आजचा अहवाल '९९.९९ टक्के' असे छापतो. या प्रगतीला कमी लेखण्याचे कारण नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता जवळजवळ निर्णायक मिळते. तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, तो टक्का नुसत्या रक्तातून निघत नाही. चाचणीआधी हा माणूस बाप असण्याची शक्यता किती धरायची याचे एक गृहीत त्यात मिसळलेले असते, आणि सहसा ते निम्मे धरतात. दोन, अपवाद इथेही आहेत. मूत्रपिंडरोपणासाठी तपासणी करून घेणाऱ्या एका अमेरिकन स्त्रीच्या तीन मुलांपैकी दोन तिची नाहीतच असा निष्कर्ष निघाला, आणि त्याची हकिगत २००२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. शोधाअंती कळले की गर्भावस्थेत दोन भ्रूण एकत्र होऊन ती घडली होती. तिचे रक्त एका भ्रूणाचे, शरीराचे काही भाग दुसऱ्याचे. तिनेच जन्म दिलेली मुले, आणि चाचणी म्हणते, नाहीत. पण अपवादांवर माझा युक्तिवाद उभा नाही. उद्या चाचणी शंभर टक्के अचूक झाली तरी तिने पंचमीचेच उत्तर दिलेले असेल.

इथे मीमांसकांचा एक भेद उपयोगी पडतो. ते 'सिद्ध' आणि 'साध्य' वेगळे करतात. जे आधीच घडून गेले आहे, असून बसले आहे, ते सिद्ध. जे कोणी तरी करायचे आहे ते साध्य. प्रत्यक्ष, अनुमान ही प्रमाणे सिद्ध वस्तू दाखवतात. धर्म मात्र साध्याच्या बाजूला पडतो, म्हणून तो डोळ्यांनी दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. वेदप्रामाण्याचा त्यांचा सगळा डोलारा मान्य केला नाही तरी एवढा भेद उचलून घेता येतो. मुलाचा उगम सिद्ध आहे. तो कोणाला आवडो न आवडो, बदलत नाही. बापपण मात्र साध्य आहे. ते करावे लागते, रोज, आणि करणारा नसेल तर ते नसते. कानाला रंग ऐकू येत नाही म्हणून कान खोटा ठरत नाही. तसेच रक्ताला बापपण दिसत नाही म्हणून रक्ताचा अहवाल खोटा ठरत नाही. त्याला तो प्रश्नच विचारायचा नव्हता.

पण इथे पहिला आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो, आणि तो बळकट आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विक्रमादित्याच्या दरबारी होता. 'सपिंड' म्हणजे कोण, हा त्याच्यापुढचा प्रश्न. पिंड म्हणजे श्राद्धातला भाताचा गोळा, ज्यांचा पिंडदानाने संबंध ते सपिंड, असा एक अर्थ. बंगालच्या जीमूतवाहनाने दायभागात वारसाहक्क त्यावर उभारला. विज्ञानेश्वराने तो नाकारला. पिंड म्हणजे शरीर, आणि ज्यांच्यात एका शरीराचे अंश उतरले आहेत ते सपिंड, असे त्याने ठरवले. बापाचे अंश मुलात, बापाच्या द्वारे आजोबांचे, आणि एकाच शरीराचे अंश असल्याने आईच्या द्वारे मामा-मावशीही सपिंड. ऐकताना जनुकशास्त्राचा पाठ वाटावा. मग आपले सर्वात मोठे धर्मशास्त्र रक्ताच्याच बाजूचे नाही का?

पुढे वाचले की चित्र बदलते. विज्ञानेश्वर नवरा-बायकोलाही सपिंड म्हणतो. का, तर दोघे मिळून एका शरीराचा आरंभ करतात. कुठल्याही प्रयोगशाळेत नवरा-बायको परके निघतील, निघालेच पाहिजेत. विज्ञानेश्वराच्या लेखी ते अजून न जन्मलेल्या मुलाच्या शरीराने जोडलेले आहेत. त्याचा 'शरीर' हा शब्दच भविष्याकडे, साध्याकडे झुकलेला आहे. त्याहून महत्त्वाची त्याने स्वतःच काढलेली अडचण. संसार अनादि आहे. मागे जात राहिले तर कोणाचा ना कोणाचा अंश कोणात ना कोणात सापडणारच, म्हणजे सगळेच सगळ्यांचे सपिंड होतील. म्हणून बापाकडून सातवी पिढी आणि आईकडून पाचवी, तिथे थांबायचे. ही रेषा शरीरात कुठेही नाही. ती नियमाने ओढलेली आहे, आणि नियम बदलता येतो: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती पाच आणि तीनवर आणली.

आजचे जनुकशास्त्र याच अडचणीला दुसऱ्या टोकाने भिडते. दहा पिढ्या मागे गेले तर पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. डीएनए मात्र तुकड्यातुकड्यांनी उतरते, आणि दहा पिढ्यांत एका माणसात येणारे तुकडे साधारण सहाशेच्या घरात. त्यामुळे त्या हजारातल्या जवळजवळ निम्म्या पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात नसतो. ते खरे पूर्वज; ते नसते तर आपण नसतो; आणि तरी रक्त त्यांना ओळखत नाही. सात-आठ पिढ्यांपर्यंत हा प्रकार तुरळक असतो आणि पुढे झपाट्याने वाढतो, हे पाहून कोणी 'बघा, आमच्या सात पिढ्या' असे म्हणू लागेल. म्हणू नये. विज्ञानेश्वराला गुणसूत्रे माहीत नव्हती आणि त्याला मोठा ठरवण्यासाठी ती त्याच्या पदरात बांधायची गरज नाही.

याच जातीचा एक दावा हल्ली फार फिरतो: गोत्र म्हणजे वाय गुणसूत्र. दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात एवढ्या साम्यावर हा डोलारा उभा आहे. पण लग्नानंतर स्त्रीचे गोत्र बदलते, दत्तक गेलेल्या मुलाचे बदलते. गुणसूत्र कुठल्याही होमाने बदलत नाही. क्षत्रिय आणि वैश्यांनी आपल्या पुरोहिताचे प्रवर घ्यावेत असे शास्त्रच सांगते. आपल्या भाषेची साक्षही याच बाजूची आहे. 'मला त्याचे सोयरसुतक नाही' असे आपण म्हणतो तेव्हा नाते नाही हे सांगायला रक्ताचे नाव काढत नाही, पाळायच्या दिवसांचे काढतो. आईबाप गेले तर मुलाला दहा दिवस आणि लग्न झालेल्या मुलीला तीन. रक्त दोघांत सारखेच आले. दिवस सारखे नाहीत. हा भेद न्याय्य आहे असे मी म्हणत नाही, तो नाहीच. पण तो रक्ताने पाडलेला नाही हे उघड आहे, आणि म्हणूनच तो बदलण्याची मागणीही करता येते.

धर्मशास्त्राने दोन प्रश्न खरोखर वेगळे ठेवले होते याचा निर्वाळा दत्तकाच्या नियमात मिळतो. मनू सांगतो की दत्तक मुलाने जन्मदात्याचे गोत्र आणि मालमत्ता घेऊ नये. पिंडही गोत्राच्या मागोमाग जातो. म्हणजे पितृत्व पुरते सरकले. पण जन्माच्या घरातल्या ज्या मुलीशी त्याचे लग्न होऊ शकले नसते, तिच्याशी दत्तकानंतरही होऊ शकत नाही. १९५६ च्या दत्तक कायद्यातही हीच तरतूद आहे. किती शांतपणे केलेली वाटणी आहे ही! कोणापासून झाला हे विसरायचे नाही, कारण शरीराला त्याचे काम आहे. कोणाचा आहे हे मात्र दान आणि प्रतिग्रहाने ठरले. डलहौसीने १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली ती हीच वाटणी धुडकावून. दत्तकाला खासगी मालमत्ता मिळेल, गादी नाही, असा त्याचा हिशेब. आणि तो विज्ञानाचा नव्हे, महसुलाचा होता.

दुसरा आक्षेप असा: नाते करण्यावर अवलंबून असेल तर ते मर्जीवर गेले, आज बाप, उद्या नाही. उलट आहे. दत्तकविधी लोकांसमोर होतो, आणि कायद्याने एकदा झालेले दत्तक रद्द करता येत नाही. ना बापाला, ना मुलाला. जन्म जितका माघारी घेता येत नाही तितकेच हेही. करणे म्हणजे वाटेल तसे म्हणणे नव्हे. १९४५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने चार्ली चॅप्लिनला एका मुलीचा बाप ठरवले. चॅप्लिन ओ, आई ए आणि मूल बी. रक्ताने स्वच्छ नकार दिला होता. त्या निकालात कोणाला भावनेचा विजय दिसेल, मला दिसत नाही. उगम तर नव्हताच, आणि चॅप्लिनने त्या मुलीला कधी आपली म्हटलेही नव्हते. एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' नसताना ज्यूरीने 'हो' म्हटले. कॅलिफोर्नियाने १९५३ मध्ये कायदा बदलला ते योग्यच झाले.

सर्वात अवघड आक्षेप फसवल्या गेलेल्या नवऱ्याचा. त्याने का पोसायचे? आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२, जे आता भारतीय साक्ष अधिनियमात ११६ झाले आहे, म्हणते की वैध विवाहात जन्मलेले मूल त्या विवाहाचेच. नवरा-बायकोची भेट होण्याची शक्यताच नव्हती हे दाखवले तरच अपवाद. सर्वोच्च न्यायालय यावर दोन दिशांना ओढले गेले आहे. २०१४ मध्ये त्याने म्हटले की कायद्याचे गृहीत आणि विज्ञानाचा पुरावा समोरासमोर आले तर पुरावा वरचढ, आणि डीएनएने बाप नसल्याचे ठरलेल्या पतीला पोटगीतून मोकळे केले. २०२३ मध्ये मात्र घटस्फोटाच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी मागणाऱ्या पतीला नकार दिला: व्यभिचार सिद्ध करायचा तर दुसरे पुरावे आणा, मुलाला त्यात ओढू नका. मला दुसरा निकाल अधिक विचारी वाटतो. फसवणूक झाली ती नवरा-बायकोत. तिची दाद तिथेच मागावी. चार वर्षे ज्याचे बोट धरून पोर शाळेत गेले त्याचे बापपण अहवालाच्या पाकिटातून एका सकाळी संपत नाही, कारण ते पाकिटातून सुरू झाले नव्हते. ज्याने ते कधी स्वीकारलेच नाही, जन्मापासून नाकारले, त्याची गोष्ट वेगळी. २०१४ च्या निकालाचा बचाव करायचा तर तेवढ्याच जमिनीवर करता येईल.

मग उगम झाकून ठेवावा का? 'ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये' हे आपण फार सहज म्हणतो. मला ती म्हण अपुरी वाटते. आनुवंशिक आजार, लग्नातले निषिद्ध नाते, अवयवदान, किंवा नुसती आपण कुठून आलो ही तहान, या सगळ्याला मूळ कळायला हवे, आणि मुलाला ते विचारण्याचा हक्क हवा. नवऱ्याचा, सासरचा, भाऊबंदांचा तो हक्क नव्हे, मुलाचा. महाभारतात उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो आणि लगेच शास्त्राचा आधार देतो: कानीन, म्हणजे आईच्या लग्नाआधी झालेला, पुत्र तिच्याशी लग्न करणाऱ्याचा, म्हणून तू पांडूचा, म्हणून ज्येष्ठ, म्हणून राज्य तुझे. हा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. कृष्णसुद्धा सूर्याचे नाव घेऊन थांबत नाही, विवाहाच्या नियमाने मूल पांडूकडे नेतो. कर्ण ते खरे मानतो. आणि नाकारतो. अधिरथाने जातकर्म केले, राधेला पान्हा फुटला, तेच माझे आईबाप. त्याने सत्याला खोटे म्हटले नाही. त्यातून कृष्ण जो निष्कर्ष काढत होता तेवढा घेतला नाही. उलट कुंतीने ते धर्मराजाला सांगितले युद्ध संपल्यावर, मृतांना पाणी देण्याच्या वेळी. मूळ झाकण्याची किंमत तिथे दिसते. दोन्ही प्रसंग मिळून जे सांगतात ते असे की सत्य वेळेवर कळावे, आणि कळल्यावर नाते कोणते धरायचे ते ज्याचे त्याला ठरवू द्यावे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये युधिष्ठिर विदुराचा मुलगा असावा असा तर्क मांडला, म्हणजे ही पितृत्वाची चौकशीच झाली. पण त्याने युधिष्ठिर पांडव राहिला नाही असे कोणा वाचकाला वाटले नाही.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवता येत नाही. क्षेत्रज, कानीन, गूढोत्पन्न असे बारा पुत्र शास्त्राने मोजले ते औदार्याने नव्हे. स्त्री शेत, नवरा शेताचा मालक, बी कोणाचेही असो पीक मालकाचे, हा त्यामागचा हिशेब आहे. उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाची गोष्ट आपण आईच्या नावाने ओळखल्या गेलेल्या मुलाची म्हणून सांगतो. पण तिथेही गुरू म्हणतो की इतके खरे बोलणारा ब्राह्मणच असणार, म्हणजे सत्यावरून कुळाचा रक्तगट काढतो. दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची रीत घ्यावी, मालकीचे गणित टाकावे. आणि आपण आधुनिक झालो असे समजणाऱ्यांनी २०२१ चा सहाय्यित प्रजननाचा कायदा वाचावा. दात्याच्या बीजापासून जन्मलेले मूल त्या जोडप्याचे, एवढे लिहून भागले असते. कायदा म्हणतो, ते त्यांचे 'जैविक' मूल मानले जाईल. जे जैविक नाही हे सगळ्यांना माहीत आहे त्याला जैविक मानायचे, कारण दुसऱ्या कुठल्या शब्दाने ते त्यांचे होईल यावर कायदा करणाऱ्यांचाच विश्वास नाही. मनूने दत्तकाला औरस म्हटले नव्हते. दत्तकच म्हटले आणि पिंडाचा अधिकार दिला.

तो दुसरा, भाताचा पिंड अजून केला जातो. भात शिजवायचा, त्यात तीळ कालवायचे, लिंबाएवढे गोळे वळून दर्भावर ठेवायचे. प्रत्येकाला नाव आणि गोत्र. बाप, आजोबा, पणजोबा, मग आईकडचे, आणि महालयात गुरू, शिष्य, मित्रसुद्धा. शेवटी एक धर्मपिंड, ज्यांना द्यायला कोणी उरले नाही त्यांच्यासाठी. मध्येच एखाद्याला गोत्र आठवत नाही, किंवा ते त्याला कधी कोणी सांगितलेलेच नसते. पुरोहित थांबत नाही. कश्यप म्हणा, म्हणतो, आणि पाण्याची पळी पुढे करतो.